नवीन ड्रायव्हर घेताय? आधी तो उलटा करून बघा

आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, दर दुसरा माणूस फाउंड्रीत नाहीतर मशीन शॉपमध्ये, त्यामुळं गोल्फचा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) हातात आला की माझं लक्ष रंगाकडं जातच नाही, उलटा करून वजनाचे स्क्रू कुठं बसवलेत ते आधी बघतो. आमच्या ग्रुपवर परत तोच विषय चालू झालाय, यंदाचं नवीन मॉडेल घेऊ का, अजून लांब जातोय म्हणे. म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

तर बघा, "अजून लांब" हे दरवर्षी छापतात पण फेसच्या (बॉल लागतो तो पुढचा भाग) स्प्रिंगला नियमाचं झाकण कधीच बसलंय. टेस्ट मशीनला पेंडुलमला स्टीलचा गोळा असतो, तो फेसवर आपटायचा आणि किती वेळ चिकटून राहतो ते मोजायचं, मर्यादा २३९ मायक्रोसेकंद, वर १८ चा टॉलरन्स (सूट). ड्रॉइंगवर टॉलरन्स दिला की आपण काय करतो? टोकापर्यंत वापरतो. कंपन्याही तेच करतात, सगळे त्या रेषेला खेटून बसलेत. आणि गंमत अशी की हजारो फटके खाऊन फेस हळूहळू जास्त लवचिक होतो, म्हणजे कायदेशीर ड्रायव्हर वापरून वापरून बेकायदा होतो! मे २०२५ मध्ये पीजीए चॅम्पियनशिप या मोठ्या स्पर्धेच्या आधी रोरी मॅकिलरॉयचा असाच बाद झाला, त्याच आठवड्यात स्कॉटी शेफलरचाही झाला, तो दुसरा ड्रायव्हर घेऊन खेळला आणि स्पर्धा जिंकून गेला. आता बोला.

मग नवीन काय असतं, तर वजन. हेडचं (काठीच्या टोकाचा ठोकळा) एकूण वजन साधारण २०० ग्राम, त्यात फार फरक करता येत नाही कारण मग फिरवणारा माणूस दमतो. आकार ४६० सीसीच्या वर जाऊ शकत नाही. १९९१ ला कॅलवे कंपनीचा बिग बर्था ड्रायव्हर आला तेव्हा १९० सीसी स्टीलचं हेड लोकांना अवाढव्य वाटलं होतं, १९९५ ला त्यांचंच टायटॅनियमचं मॉडेल आलं आणि २५० वर गेलं, आता तर बहुतेक सगळे ४६० ला टेकलेत. स्टीलची घनता ७.८, टायटॅनियमची साडेचार, कार्बनची दीडच्या जरा वर, टंगस्टनची १९. म्हणजे वरचं छप्पर कार्बनचं केलं की थोडे ग्राम वाचले, ते टंगस्टनमध्ये घालून पार मागं ढकलायचे. फ्लायव्हीलचं वजन कडेला का ठेवतात, तेच गणित. बॉल फेसच्या टोकडं (बाहेरच्या टोकाला) किंवा हीलकडं (दांड्याच्या बाजूला) लागला तरी हेड हातात कमी पिळतं, बॉलचं स्पीड फार पडत नाही. टेलरमेड कंपनीनं २०२२ मध्ये स्टेल्थ मॉडेलला ६० थरांचा कार्बनचा फेस दिला तोसुद्धा यासाठीच, पुढचं वजन हलकं करायचं आणि मागं न्यायचं.

२०२४ ला पिंग आणि टेलरमेड दोन्ही कंपन्यांनी "१०के" म्हणजे दहा हजार म्हणून गाजावाजा केला, तो आकडा एमओआयचा (हेड पिळायला किती विरोध करतं त्याचं माप), पण दोन अक्षांची बेरीज आहे. नियमाची मर्यादा आडव्या पिळावर आहे, ५९००, तिथंही आता फार जागा राहिली नाही.

पण एक लक्षात घ्या, हे सगळं बॉल मधे न लागण्यावरचं औषध आहे. फेस उघडा (उजवीकडं वळलेला) ठेवून बाहेरनं आत कापत आलात तर १०के असो नाहीतर २०के, बॉल उजवीकडं शेतातच जाणार.

म्हणून निवडताना पहिलं काम, तुमचा बॉल फेसवर नक्की कुठं लागतोय ते बघा. आमच्याकडं क्रॅक तपासायला डाय पेनिट्रंट टेस्ट करतात ना, त्यातला पांढरा डेव्हलपर स्प्रे, तो फेसवर पातळ मारायचा आणि शेडमागच्या नेटमध्ये मारत राहायचं, गोल ठसा स्वच्छ उमटतो (फक्त प्रॅक्टिसला हां, राउंडमध्ये असलं काही लावायचं नाही). ठसे सगळीकडं पसरलेत तर जास्त एमओआयचं हेड घ्या, पैसे वसूल. ठसे हीलकडंच गोळा झालेत तर आधी उभं राहायचं अंतर बघा, नवीन ड्रायव्हर नको.

दुसरं लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागं कललेला कोन. आमचा एक टिळकवाडीचा मित्र ९ डिग्री घेऊन बसलाय, टीव्हीवरचे तेच वापरतात म्हणून. अरे बाबा, त्यांचा स्विंग ताशी ११५ मैलाचा, तुझा ९० ला दम लागतो! आमचे सुभेदार मामा, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, १२ डिग्री आणि मऊ शाफ्ट (दांडा), सावकाश मारतात आणि याच्या पुढं टाकतात. "लेका, बॉल वर गेला तर पुढं जाईल की," एवढंच म्हणतात. आणि आपल्या बेळगावच्या पावसात तर जून ते सप्टेंबर जमीन लोण्यागत, बॉल पडला तिथंच रुतला, रोल विसराच, हवेत जेवढा जाईल तेवढाच आपला. स्लीव्ह (शाफ्ट हेडमध्ये बसतो तो जोड) फिरवून लॉफ्ट वाढवता येतो पण त्यासोबत फेस थोडा बंद होतो, म्हणजे डावीकडं वळतो, स्लाइसवाल्यांना (बॉल उजवीकडं वळतो त्यांना) ते बरंच, हुकवाल्यांनी (डावीकडं वळतो त्यांनी) जपून.

तिसरी लांबी. दुकानातले ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास किंवा त्याहून लांब. फिल मिकेल्सननं २०२१ ची पीजीए जवळपास ४८ इंची घेऊन मारली, २०२२ पासून मोठ्या टूरनी ४६ ची मर्यादा आणली. पण ते मिकेल्सन. आपल्याला अर्धा इंच कमी केला तर बॉल मधे जास्त लागतो, माझं तरी हेच मत.

सगळ्यात महागड्या मॉडेलला २०२५ ला अमेरिकेतच ६०० डॉलरच्या आसपास पडत होते, इथं येईपर्यंत काय होतं ते सांगायला नको. तुमचा ड्रायव्हर २०१७ च्या पुढचा असेल तर पैसे फिटिंगला (ड्रायव्हर आपल्या स्विंगला जुळवून घ्यायला) घाला, लॉन्च मॉनिटरवर (बॉल कसा उडतो ते मोजणारं यंत्र) तासभर उभं राहा. फार जुना असेल तर दोन वर्षांपूर्वीचं मॉडेल सेकंडहँड, पण हलवून बघा, आत काही खुळखुळलं तर सोडा, डुप्लिकेटही लई फिरतात.

मी तसंच एक साडेदहा डिग्रीचं घेतलंय, साडेअकराला लावून. ग्रिपकडनं अर्धा इंच कापला, त्यामुळं हेड हलकं वाटायला लागलंय, सहा ग्रामच्या आसपास भर घालावी लागेल. लेड टेप (शिशाची पट्टी) लावू शकतो पण एवढं मशीन शॉप असताना टेप काय लावायची. कुणाकडं टंगस्टनचा बारका रॉड पडला असेल तर कळवा, स्क्रू मी लेथवर फिरवून घेतो.