१०-१८ की ११-२०: माजघरातल्या ग्रुप फोटोसाठी वाइड झूम

गेल्या दिवाळीत वाईच्या घरी काढलेला ग्रुप फोटो अजून सलतो. माजघर १४ बाय ११ फूट, माणसं १९, आणि माझ्या कॅनन २००डी कॅमेऱ्यावर १८-५५ मिमीची किट लेन्स. पाठ भिंतीला टेकली तरी मागची रांग माझ्यापासून जेमतेम ९ फुटांवर. डावीकडच्या मामींचा अर्धा खांदा कापला गेला. आत्याच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या आत वाइड झूम, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारी लेन्स, घ्यायचीच, हे त्याच दिवशी ठरलं. निवड दोघींतून: कॅननची १०-१८ आणि टोकिनाची ११-२०.

आधी कागदावर हिशोब केला. कॅननच्या क्रॉप सेन्सरची (चित्र टिपणाऱ्या लहान आकाराच्या पट्टीची) रुंदी २२.३ मिमी. तिला फोकल लेंग्थने (लेन्सवरचा मिमीचा आकडा, तो लहान तितकं दृश्य रुंद) भागायचं आणि अंतराने गुणायचं, की फ्रेममध्ये किती रुंदी मावते ते कळतं. १८ मिमीला ९ फुटांवर ११ फूट मावतात. आमच्या मागच्या रांगेत ८ माणसं, प्रत्येकी दीड फूट धरलं तरी १२ फूट झाले. म्हणजे फोटो कापला जाणारच होता. १४ मिमीला मात्र १४ फूट मावतात, दोन्ही बाजूंना फूटभर जागा सोडून. १० मिमीला तर २० फूट.

पहिला शनिवार. कॅननची १०-१८ दोन दिवस भाड्याने आणली. सोसायटीतली ७ मुलं आमच्या हॉलमध्ये एका रांगेत उभी केली. १० मिमीला सगळी आरामात मावतात म्हटल्यावर मी पुढे सरकत गेलो, पार ५ फुटांपर्यंत. फोटो संगणकावर उघडला तर मधली मुलं छान, पण कडेच्या दोघांची डोकी आडवी ताणलेली, गाल पसरलेले. मग तीच रांग ९ फुटांवरून घेतली आणि चेहरे पुन्हा माणसांत आले.

इथे माझी मोठी समजूत बदलली. वाइड लेन्स चेहरे ताणते असं मी धरून चाललो होतो. पण ताण ठरतो तो कडेचा माणूस लेन्सच्या मध्यरेषेपासून किती अंशांवर आहे त्यावर. ५ फुटांवरून कडेचा मुलगा ४४ अंशांवर होता, म्हणजे डोकं जवळपास १.४ पट रुंद. ९ फुटांवरून तोच २८ अंशांवर आला आणि ताण १.१३ पटीवर उतरला. म्हणजे ताणलं ते लेन्सने नव्हे, मी पुढे टाकलेल्या पावलांनी. वाइडचा उपयोग पुढे जायला करायचाच नाही. पाठ भिंतीला ठेवायची आणि कडा रिकाम्या राहतील इतकंच झूम मागे घ्यायचं.

आणखी एक. लग्नाकार्यात रांग अर्धवर्तुळात उभी करायची आपल्याला सवय असते. वाइडला ती सवय उलटी पडते. कडेची माणसं कॅमेऱ्याच्या जवळ येतात आणि आणखी मोठी दिसतात. रांग सरळच हवी, भिंतीला समांतर. आणि लांब रांगेपेक्षा तीन थर बरे: मुलं सतरंजीवर, वडीलधारी खुर्च्यांवर, बाकीचे मागे उभे.

दुसरा शनिवार, वाईला. आता टोकिनाची ११-२०, एफ २.८ (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं भोक मोठं आणि उजेड जास्त). हिच्याबद्दल मनात खूप होतं, कारण माजघरात उजेड येतो तो फक्त चौकाकडच्या दारातून. शटर १/६० सेकंद, एफ २.८, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) १०००. १०-१८ला १४ मिमीवर एफ ५च्या आसपासच मिळतं, म्हणजे आयएसओ ३२००च्या घरात. तिचं स्टॅबिलायझेशन माझा हात स्थिर करतं, पण हलणाऱ्या पोरांना ते काय करणार!

तरीही मी टोकिना घेत नाहीये. लेन्स सगळ्यात मऊ, म्हणजे कमी धारदार, असते ती कडेला, आणि ग्रुप फोटोत चेहरे नेमके कडेपर्यंत असतात. ते नीट यावेत म्हणून एफ ५.६पर्यंत जावंच लागलं, मग २.८चा फायदा राहिला कुठे? शिवाय ती ५६० ग्रॅम, १०-१८ फक्त २४०. रिकामं माजघर, देवघर, कोनाडे हातात धरून टिपायचे तर मला हलकी आणि स्टॅबिलायझेशनवाली लेन्सच सोयीची.

उजेडाचं काम फ्लॅशवर सोपवलं. वरचा कडीपाट काळपट लाकडाचा. फ्लॅश वर फेकला तर उजेड परत येतच नाही, आला तर तांबूस. माझ्या पाठीमागची भिंत निळसर, तिच्यावर फेकला तर सगळे आजारी दिसतात. शेवटी काकांचं पांढरं धोतर दोन खुंट्यांना बांधून माझ्या पाठीमागे ताणलं आणि फ्लॅशचं तोंड त्यावर वळवलं. एफ ५.६, आयएसओ ८००, आणि काका-काकूंच्या चेहऱ्यावर असा मऊ, एकसारखा उजेड की काकूंनी लगेच प्रिंट मागितली.

खोलीच्या फोटोंसाठी १० मिमी मी क्वचितच वापरेन. ११ फुटांचं माजघर त्यात मंगल कार्यालयासारखं वाटतं. १२ ते १४ला ते आमचं घर दिसतं. कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि अगदी समपातळीत ठेवायचा, थोडा जरी वर कलला तरी लाकडी खांब आत झुकतात. वर जास्तीचा कडीपाट आला तर नंतर कापता येतो.

तिसरा शनिवार. १०-१८ सेकंडहँड घेतली. पहिला नग परत करावा लागला. विटांच्या भिंतीचा समोरून फोटो घेतला तर उजवे कोपरे धारदार, डावे विरघळलेले. आतलं भिंग सरकलेलं असणार. विकणाऱ्याने कुरकुर केली, पण दोन्ही कोपरे शेजारी ठेवून दाखवल्यावर घेतला परत. दुसऱ्या नगाचे चारही कोपरे सारखे आहेत, आणि मागून टॉर्च मारून पाहिलं तर बुरशीचा एक धागा नाही. सेकंडहँड घेणाऱ्यांनी या दोन्ही चाचण्या दुकानातच कराव्यात.

कार्यक्रम पुढच्या रविवारी. शनिवारी रात्रीच माजघरात मागच्या भिंतीला समांतर खडूची रेघ मारून ठेवणार, म्हणजे उभं राहणाऱ्यांना कुठे थांबायचं ते सांगावं लागणार नाही. आत्याची खुर्ची बरोबर मध्यावर, आणि सगळ्यांत धाकटी दोघं तिच्या पायाशी.