आमची वाटचाल : सुट्या ड्रॉइंगपासून बीआयएम मॉडेलपर्यंत

पुण्यातल्या रहिवासी इमारतींची आरसीसी आणि प्लंबिंगची ड्रॉइंग हे आमच्या फर्मचं मूळ काम. पूर्वी प्रत्येकाचं ऑटोकॅड ड्रॉइंग वेगळं असायचं आणि त्यांची गाठ पडायची ती साइटवर, शटरिंग लागल्यावर. बीआयएमकडे, म्हणजे इमारतीचे सगळे भाग एकाच त्रिमितीय मॉडेलमध्ये माहितीसकट मांडण्याच्या पद्धतीकडे, आम्ही वळलो ते एवढ्यासाठीच. म्हणून सुरुवातही टॉयलेटचे शाफ्ट आणि त्यांच्याभोवतीच्या बीमपासून केली. अख्खी इमारत दाराच्या कडीसकट मॉडेल करायच्या मोहात छोट्या ऑफिसने पडू नये.

रेव्हिट या मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिलं काम ओरिजिनचं, म्हणजे मूळ बिंदूचं. सर्व्हेचं ड्रॉइंग बहुधा यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगणाऱ्या कोऑर्डिनेट पद्धतीत येतं. पुण्यात नॉर्दिंगच (विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर) 20 लाख मीटरच्या वर. ते तसंच आत घेतलं की रेषा हलतात, स्नॅप चुकतो. ए-1 ग्रिडच्या छेदावर प्रोजेक्ट बेस पॉइंट धरायचा, खरे कोऑर्डिनेट सर्व्हे पॉइंटला द्यायचे आणि सगळ्या सल्लागारांनी तेच उचलायचे. आवृत्तीही एकच हवी. नव्या रेव्हिटमधली फाइल जुन्यात उघडत नाही.

नेव्हिसवर्क्स या मॉडेल एकत्र तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यावर सगळं तपासायला लावलं तर हजारो क्लॅश (दोन भाग एकाच जागी येणं) निघतात आणि कामाचे त्यातच हरवतात. आम्ही आधी ड्रेनेज विरुद्ध बीम एवढंच तपासतो, कारण पाण्याचा किंवा विजेचा पाइप वळवता येतो, उताराचा नाही. 110 मिमीचा पाइप 1:100 उताराने 4 मीटर गेला की 40 मिमी खाली उतरतो. मॉडेलमध्ये तो सपाट काढला तर अहवाल स्वच्छ येतो आणि साइटवर पाइप तळाच्या सळयांना भिडतो. मग कोअर कटिंग, म्हणजे तयार काँक्रीटला यंत्राने भोक, आणि त्यात सळई तुटायची भीती. त्यापेक्षा स्लीव्ह (पाइप जाण्यासाठी काँक्रीटमध्ये ठेवायची नळी) आधीच टाकावी : बीमच्या खोलीच्या मधल्या भागात, आधारापासून लांब, कारण शिअर (बीम कापू पाहणारा जोर) आधाराजवळ सर्वाधिक असतो. तीही स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासल्यावरच.

मॉडेलमधून मोजमाप काढताना मात्र डोळे उघडे हवेत. स्लॅब आणि बीम जॉइन केलेले नसले तर 230 मिमी रुंद बीम आणि 150 मिमी स्लॅबमध्ये दर मीटरला 0.0345 घनमीटर काँक्रीट दोनदा मोजलं जातं. प्लास्टरचं उलट. मॉडेल प्रत्येक खिडकी पूर्ण वजा करतं. आयएस 1200 या बांधकाम मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे 0.5 चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावटच नाही, आणि 0.5 ते 3 चौरस मीटरच्या जागेची, दोन्ही बाजूंना सारखं प्लास्टर असेल तर, एकाच बाजूची. म्हणून ठेकेदाराचं बिल मॉडेलपेक्षा जास्त दिसतं आणि विनाकारण वाद पेटतो. हा हिशेब आम्ही शेड्यूलमध्ये वेगळ्या रकान्यात मांडतो.

साइटवर मॉडेल जातं ते ए-3 कागदावरच. प्रत्येक मजल्याचा स्लीव्ह प्लॅन, त्यावर ग्रिडपासून स्लीव्हच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि बीमच्या तळापासूनची उंची, दोन्ही मिलिमीटरमध्ये. सळई बांधायला सुरुवात होण्याआधी तो मुकादमाच्या हातात पडतो. स्लॅब भरण्याआधी सुपरवायझर टेपने एकेक स्लीव्ह मोजून त्यावर सही करतो.