अंगठ्याच्या वरच्या ओळी

दत्तक गेलेली मुलं मोठी होऊन आपलं मूळ शोधत येतात तेव्हा आमचं काम कपाटातल्या फाइलीपासून सुरू होतं. मी सोलापुरात दत्तक प्रक्रियेत समाजसेविका म्हणून काम करते. जुन्या फाइलींत जन्मदात्या आईबद्दल बहुतेक वेळा दोन-चार ओळीच सापडतात. अशाच शोधात आलेल्या एका मुलीच्या फाइलीत त्यामानानं बरंच होतं: जन्माची नोंद, वजनाचा तक्ता आणि स्टॅम्प पेपरवरची सरेंडर डीड, म्हणजे आईनं मूल संस्थेकडे सोपवल्याचा कागद. तिच्या तळाशी निळ्या शाईतला अंगठा आणि शेजारी साक्षीदार म्हणून मुलीच्या मामाची सही. (मुलीला आणि तिच्या जन्मदात्या आईला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

मुलगी नाशिकला वाढलेली, तिशी ओलांडलेली, पाच महिन्यांची गरोदर. घराण्यात कुणाला शुगर आहे का, बीपी आहे का, असं डॉक्टर विचारायच्या आणि दर वेळी तिला ‘माहीत नाही’ म्हणावं लागायचं. अर्ज करायला तिला वाढवणाऱ्या आईनंच भरीस घातलं.

2022 च्या दत्तक नियमावलीप्रमाणे अठरा वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीला असा शोध घेता येतो, पण अर्ज तिचा तिनंच करायचा. तिच्या वतीनं तिऱ्हाइताला तो करता येत नाही. मूल सोपवताना आईनं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर आधी तिची संमती घ्यावी लागते. या फाइलीत तसं काही नव्हतं. तरीही त्या बाईंना विचारल्याशिवाय भेट घडवायची नाही, हे मी पहिल्याच फोनवर मुलीला सांगून टाकलं. त्या बाईंचंही एक घर असतं, संसार असतो.

फाइलीतला पत्ता सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका वाड्याचा होता. वाडा कधीच पडलेला. माझी सहकारी शहराच्या त्याच पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. विडी कामगार बायकांमध्ये विचारत विचारत ती कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुलापर्यंत पोचली. अशा वेळी घरी पत्र पाठवायचं नसतं आणि शेजाऱ्यांना खरं कारण सांगायचं नसतं. दुपारी, घरात पुरुषमाणूस नसताना, बचत गटाचं निमित्त करून अक्का त्या बाईंना एकटं गाठून भेटली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मांडीवरचं विड्या वळायचं सूप खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, “कुठं यायचं?”

कारखान्यात विड्या द्यायला जाते असं सांगून त्या आल्या. दुपारपर्यंत घरी परतणं भाग होतं. मुलगी माझ्या शेजारी बसलेली. तिची नाशिकची आई मुद्दाम बाहेरच्या बाकावर थांबलेली. बाई आत आल्या, मुलीसमोर बसल्या आणि बराच वेळ तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. विड्यांची तोंडं दुमडून दुमडून त्यांच्या अंगठ्याचं नख एका बाजूनं पार झिजलं होतं. मुलगी त्या नखाकडे बघत होती.

मुलीनं प्रश्न फोनमध्ये लिहून आणले होते. ती फोन उघडणार एवढ्यात बाईच म्हणाल्या, “तो कागद हाय का? काय लिवलंय त्यात?”

मी फाइल उघडली. वाचून दाखवणार होते, पण मुलीनं कागद माझ्या हातातून घेतला आणि सावकाश वाचायला लागली. खाली अंगठा करणार, अमुक वय, धंदा विडीकाम. मुलीचा सांभाळ करण्यास असमर्थ असल्यानं मी तिला स्वेच्छेने आणि कोणाच्याही दबावाशिवाय…

“थांब.” बाई अक्काकडे वळल्या. अक्कानं ती ओळ तेलुगूत सांगितली. पुन्हा एकदा सांगितली.

“हे मी बोललं न्हाई,” त्या म्हणाल्या.

पुढचं सगळं तेलुगूत. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या, लग्न झालेलं नाही, यंत्रमागावरचा तो माणूस गाव सोडून गेलेला. थोरला भाऊ त्यांना संस्थेत घेऊन आला. बोलणं मराठीत झालं, ते भावाशी. त्यांना तेव्हा बाजारापुरतंसुद्धा मराठी धड येत नव्हतं. बाळ काही दिवस इथं ठेवायचं, मग न्यायचं, असं भावानं सांगितलं होतं. काही महिन्यांनी त्या एकट्याच आल्या, तेव्हा बाळ दत्तक गेलेलं होतं.

“म्हणजे तुम्ही मला दिलंच नव्हतं?” मुलीनं विचारलं.

बाई गप्प झाल्या. मग मोडक्या मराठीत म्हणाल्या, “न्यायचं होतं. पण नेऊन कुठं ठेवणार होते, ते बी मला म्हाईत नव्हतं.” भावाबद्दल त्यांनी एक वाकडा शब्द वापरला नाही. तो आता हयात नाही.

मला मात्र संताप आवरत नव्हता, अजूनही आवरत नाही. आज सरेंडर बाल कल्याण समितीसमोर होतं, आधी समुपदेशन करावं लागतं आणि फेरविचाराला साठ दिवस मिळतात. हे सगळं हवंच. पण निम्मा पूर्व भाग तेलुगू बोलतो आणि अक्कलकोटकडून येणाऱ्या कितीतरी बायका कानडी. आईला नीट कळेल अशा भाषेत, भाऊ-बाप-नवरा खोलीत नसताना, कुणी तिच्याशी बोललंच नाही, तर साठ दिवस आहेत हे तिला कळणार कसं? पोरीच्या वतीनं सगळं बोलणारा नातेवाईक पुढे झाला की आधी त्याला बाहेर बसवावं, असं आता मी नव्या मुलींना आवर्जून शिकवते.

बाहेरच्या आईला आत बोलवा, असं बाईच म्हणाल्या. ती आली ती रडतच. दार उघडंच होतं, तिनं सगळं ऐकलं होतं. “ताई, आम्ही हिचं मूल हिसकावून नेलं का हो?” तिनं मला विचारलं. तिच्या बाजूचे सगळे कागद कायदेशीर होते. तिला यातलं काहीच माहीत असायचं कारण नव्हतं. मी ते सांगितलं, पण त्यानं तिचं समाधान होईना. बाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. “कितवीपर्यंत शिकवलं?” “एम.कॉम.” “नोकरी करती?” “बँकेत आहे.” दोघींचं असंच चाललं होतं, आम्ही तिघी नुसत्या ऐकत होतो.

शुगरचा प्रश्न निघता निघता आठवला. बाईंच्या आईला होती, त्यांना स्वतःलाही आहे. मुलीनं लगेच डॉक्टरांना मेसेज केला.

जुना कागद आम्ही जसा होता तसाच ठेवला. मुलीच्या सांगण्यावरून बाईंचं म्हणणं अक्कानं तेलुगूत लिहून घेतलं, मी शेजारी मराठीत उतरवलं. दोन्ही वाचून दाखवल्यावर त्यांनी दोन शब्द बदलायला लावले आणि मगच सही केली. ते पान आता फाइलीत त्या डीडच्या मागे लावलेलं आहे.

मुलगी आणि बाई फोनवर बोलतात, दुपारच्या वेळी. कधी नाशिकची आईही मध्येच बोलते. नवऱ्याला आणि मुलांना सांगायचं की नाही, हे बाईंनी अजून ठरवलेलं नाही. मुलगीही तो विषय काढत नाही.