पिशवी परत द्यायला चार वर्षं लागली

आमच्या माळ्यावर युरियाच्या पोत्याची शिवलेली एक पिशवी होती. आत एक रेशनकार्ड, डेअरीचं दुधाचं पुस्तक आणि तंबाखूची चंची. बायकोनं दोनदा विचारलं कुणाची म्हणून, मी म्हणलं राहू दे. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

मी मराठा लाईट इन्फंट्रीत २४ वर्षं काढली, २०१७ ला हवालदार म्हणून पेन्शनवर गावी आलो. निपाणी तालुका, वेदगंगेच्या काठचं गाव. काश्मीर झालं, ईशान्येकडं झालं, झोप कुठं गेली नव्हती. ती गेली गावात आल्यावर.

ऑगस्ट २०१९ चा पूर आमच्या भागात कुणाला सांगायला नको. यमगर्णीजवळ पुणे-बेंगळूर हायवेवर पाणी आलं, रस्ता बंद, बोट येणार कुठनं, मग पोरांनी गुऱ्हाळातली काईल काढली. गूळ आटवायची ती मोठी कढई, पुरात आमच्याकडं तीच नाव. चारजण बसले की काठ पाण्याला टेकायला येतो. मी फौजी म्हणून कोण बसायचं कोण थांबायचं ते मीच सांगायचं असं न बोलता ठरून गेलं. शेवटच्या घरात एक आबा, सून आणि दोन पोरं, मुलगा कामाला कोल्हापूरला आणि तिकडंच अडकलेला. मी सून आणि पोरं घेतली, आबांना म्हणलं पुढच्या खेपेला तुम्ही. ते काही बोलले नाहीत, पिशवी तेवढी माझ्या हातात दिली, "हे तरी कोरडं ने बाबा."

पुढची खेप झालीच नाही. पाण्याला ओढ वाढली, अंधार पडला, सगळे म्हणाले आता नको, आणि नको म्हणणाऱ्यांत माझाही आवाज होता. सकाळी त्यांच्या घराची भिंत पडलेली होती.

गणपतीत गावानं सत्कार केला, शाल आणि नारळ, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत आबांचा मुलगा पुढच्या ओळीत बसलेला. मला शाल अंगावर सहन होईना. त्यानंतर त्या गल्लीतनं जाणं बंद, देवळात जाणं बंद, कॅन्टीनचा दारूचा महिन्याचा कोटा दहा दिवसात संपायला लागला. लोकांना वाटलं फौजी पेन्शन आल्यावर पितातच, त्यात काय.

बायकोच्या मागणीवरून ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमधनं रेफरल घेतलं आणि एका खाजगी हॉस्पिटलात गेलो (नाव नको). डॉक्टरनी हिंदीत विचारलं, मी पण हिंदीत सांगितलं, अगदी सावधानमध्ये बसून, "सर, एक सिव्हिलियन कॅज्युअल्टी हुई." म्हणजे काय की तो रिपोर्ट झाला. पाच मिनिटात पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक त्रास, असं लिहून गोळ्या दिल्या. झोप आली, खोटं कशाला बोलू, पण पिशवी माळ्यावरच. तीन महिन्यांनी गोळ्या माझ्या मनानंच बंद केल्या, तसं कुणी करू नका, मला त्याचा त्रास झाला.

२०२३ च्या सुरुवातीला एका रात्री १४४१६ ला फोन लावला. टेलि-मानसची ही सरकारी हेल्पलाईन ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, भाषा निवडता येते. त्यांनी समोरासमोर कुणाला तरी भेटा म्हणून सांगितलं आणि मी धारवाडला गेलो. मनाच्या आजाराचं सरकारी हॉस्पिटल तिथं, आमच्याकडं धारवाडला न्यायला पाहिजे म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून घरी सांगितलं ट्रॅक्टरचं सामान आणायला जातोय.

तिथं मला बघणाऱ्या मॅडम मूळच्या खानापूरकडच्या निघाल्या. मी परत हिंदीत सुरू केलं तर म्हणाल्या, "घरात ज्या भाषेत बोलता त्यात सांगा." आता कन्नड मला बाजारापुरतं येतं, हिंदी फौजेनं दिली, पण मराठीत बोलायला लागल्यावर पहिलं वाक्य बाहेर आलं ते "मन खातंय हो" आणि पुढं वीस मिनिटं मला बोलताच आलं नाही.

त्यांनी सांगितलेलं मला समजलं ते असं. भीतीची जखम वेगळी आणि ही वेगळी. भीतीत माणूस दचकतो, ह्यात माणूस स्वतःच्या नजरेतनं उतरतो, जे करायला नको होतं ते केलं म्हणून, नाहीतर थांबवायला पाहिजे होतं ते थांबवलं नाही म्हणून. अमेरिकेत व्हिएतनामहून परत आलेल्या सैनिकांवर उपचार करणारे डॉक्टर जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात ह्याला मॉरल इंज्युरी म्हणलं. फौजेपुरतं नाही हे. बाहेर बाकड्यावर मला गोकाककडचा १०८ अँब्युलन्सवाला भेटला, २०२१ च्या कोरोनात कुणाला गाडीत घेतलं आणि कुणाला नाही ह्याचा हिशेब अजून बोटावर मोजत होता.

"तुमची चूक नव्हती" असं मॅडम एकदाही म्हणल्या नाहीत. तसं म्हणल्या असत्या तर मी उठून आलो असतो, कारण ते सगळं गाव म्हणतच होतं. त्यांनी समोर रिकामी खुर्ची ठेवली आणि विचारलं, ज्याचा शब्द तुम्ही मानता असा कोण? मी म्हणलं, बेळगावात रंगरूट असताना आमचे उस्ताद होते, साताऱ्याकडचे. म्हणाल्या, त्यांना सांगा, आणि मग ते काय म्हणतील ते पण तुम्हीच बोला. मोठ्या माणसानं खुर्चीशी बोलायचं, लाज वाटली. तिसऱ्या वेळेला जमलं. उस्तादनी आधी आईवरनं शिवी घातली, मग विचारलं, "काईल उलटली असती तर किती गेले असते?" पाच, म्हणलं. "बरं. मग त्याच्या पोराला तोंड का दाखवत नाहीस?" ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

असे सात-आठ महिने गेले, मध्ये दोनदा सोडून पण दिलं. दिवाळीच्या आधी पिशवी घेऊन त्या घरी गेलो. मुलानं रेशनकार्ड बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला. "हे तुमच्याकडं होतं? पुरात गेलं म्हणून डुप्लिकेटसाठी किती हेलपाटे घातले माहीत आहे?" मी म्हणलं होतं. मग ते वाक्य पण सांगितलं, नको म्हणणाऱ्यांत मी पण होतो. तो उठून गोठ्यात गेला. सुनेनं चहा ठेवला, मी एकटाच प्यालो, चंची तिनं देवळीत ठेवली.

आठ दिवसांनी त्याचाच फोन आला, आबांच्या नावची जमीन अजून वारसाला लागलेली नाही, नाडकचेरीत (इकडचं महसूल ऑफिस) कुणी दाद देत नाही. त्याला गाडीवर मागं बसवून घेऊन गेलो. जाताना एक शब्द बोलला नाही. येताना पंपावर गाडी थांबवली तर पेट्रोलचे पैसे त्यानं दिले.