आयरिश हँडबॉल अ‍ॅली, 1:48 : बाजूची भिंत एकदाची सरळ

आयरिश हँडबॉलमध्ये चेंडू हाताने भिंतीवर मारतात; त्यासाठीचं उंच भिंतींचं, उघड्या माथ्याचं काँक्रीट कोर्ट म्हणजे अ‍ॅली. तिची 1:48 मापातली प्रतिकृती करतोय. पोलादी पट्टी लावून पाहिली, 15 इंचांच्या लांबीत कुठेच फट नाही! मागच्या नोंदीतली हीच भिंत वाळताना टोकांना 4-5 मिमी उचलली जात होती.

दोष बोर्डाचा नव्हता. 5 मिमी सनबोर्ड (पीव्हीसी फोमचा बोर्ड) पाणी पीत नाही. पण वरची पुट्टी वाळताना आकसते आणि बोर्डाला आपल्याकडे ओढते. फेव्हिकॉल वाढवला की पकड वाढते, तशी ओढही वाढते. म्हणून दोन्ही अंगांना एकाच बैठकीत, सारख्याच जाडीचा, मिलिमीटरभर थर. आधी बोर्ड 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडायचा. पुट्टी 4 भाग, फेव्हिकॉल अर्धा भाग, पाणी जेमतेम. भिंत उभी वाळवायची, दोन्हीकडून वारा लागेल अशी. पंख्यासमोर ठेवली की एक बाजू आधी वाळते आणि पुन्हा बाक येतो. 3 मिमी बोर्ड या मापाला घेऊच नका, दुकानदार कितीही ‘चालतो’ म्हणू दे.

समोरच्या आणि बाजूच्या भिंतीच्या कोपऱ्यात केसासारखी चीर येत होती. पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवलेली 15 मिमी रुंद गॉजपट्टी आत बसवली, चीर थांबली.

खऱ्या अ‍ॅलीत आतला गिलावा गुळगुळीत, कारण चेंडू सरळ परतायला हवा. बाहेर मात्र सेंटरिंगच्या फळ्यांचे वळ तसेच. 6 इंची फळी इथे 3 मिमीची होते. तारेच्या ब्रशने रेषा उठवलेली लाकडी पट्टी, पुट्टीला बोट चिकटेनासं झालं की दाबायची. पट्टीला तेल नको, पुढे रंग धरत नाही; टाल्कम पावडर उत्तम.

लिहिता लिहिता बेत बदलतोय. नवीकोरी अ‍ॅली करण्याऐवजी 40×20 फुटी बंदिस्त कोर्ट आल्यावर ओस पडलेली करावी. उघड्या माथ्यातून पाणी मुरतं, म्हणून गिलावा वरूनच सुटतो. म्हणजे आतही आधी अर्धा मिमी वळांचा थर, वर पावडर, मग अर्धा मिमी गुळगुळीत थर. वरचा पापुद्रा ब्लेडने उचलता येईल. तोल राखायला बाहेरही दोन थर आले. आयव्हीची वेल भिंतीच्या एकाच खांद्यावर, नाहीतर भिंतच झाकली जाईल. जमीन मात्र सपाटच हवी: गावाची नाचगाणीही याच काँक्रीटवर व्हायची.

पुढे समोरची भिंत, 190 मिमी चौरस. माथ्यावरच्या जाळीसाठी मच्छरदाणीचं कापड 0.8 मिमी तांब्याच्या तारेवर ताणून बघतो.