उजनीचा गळ, मालवणचं पाणी

उजनी धरणाच्या फुगवट्यावर कणकेची गोळी लावून रोहू, कटला, चिलापी काढणाऱ्या सोलापूरकराला समुद्र म्हणजे मोठी उजनी वाटते. पाणी खारट, बाकी गळ तोच. पण कणीक खाऱ्या पाण्यात तळ गाठायच्या आतच सुटते, गांडूळ लुळं पडतं आणि बांबूची काठी हलत्या होडीत शेजाऱ्याच्या डोळ्यापाशी नाचते. तिन्ही गोष्टी घरीच ठेवाव्यात.

मालवणला होडीतून गळ टाकायला जायचं तर आधी दिवस ठरवायचा, मग मित्र जमवायचे. उलटं केलं की सगळ्यांची सुट्टी जुळते आणि पाणी जुळत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे ते दोन महिने बादच. चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी: सकाळी जमिनीवरून मतलई वारा वाहतो आणि किनाऱ्यालगत पाणी बसलेलं असतं. दुपारकडे खारा वारा सुटला की होडी आपटायला लागते. म्हणून साडेसहाला निघून अकरापर्यंत परत.

भरतीसाठी पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. द्वादशीला १२ ची पाऊणपट ९, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास आणि पुन्हा रात्री साडेनऊच्या आसपास. गावागणिक अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तो तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, विचारावा. पाणी चालतं असताना मासा खातो. भरती-ओहोटी पूर्ण होऊन पाणी थांबलं की तोही थांबतो. त्यामुळे सकाळी चढतं पाणी मिळेल अशी तिथी हवी. अष्टमीला भांगाची म्हणजे कमी चढ-उताराची भरती, पाण्याला ओढ कमी आणि सकाळभर पाणी उतरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, दोरीच्या टोकाचं वजन म्हणजे शिसं तळाला टिकत नाही. मधली एकादशी ते त्रयोदशी बरी. त्यातली एकादशी आपल्या जिल्ह्यात या कामाला कोण काढणार, तेव्हा राहिल्या दोन.

रस्ता मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, पुढे राधानगरीवरून फोंडा घाट आणि कणकवली. एकूण चारशे किलोमीटरच्या घरात. रात्रभर गाडी हाणून पहाटे थेट होडीत बसायचा बेत मात्र मोडीत काढावा. झोप नाही, वाटेत ढाब्यावर तर्रीदार रस्सा, त्यावर डिझेलचा धूर: बोट लागायला एवढं पुरे. आदल्या दुपारपर्यंत मालवण गाठावं आणि रात्री हलकं जेवावं. ज्यांना घाटातसुद्धा मळमळतं त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, तीही निघण्याच्या किमान तासभर आधी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीतच जाते. बसायला होडीचा मध्य, नजर क्षितिजावर. गरी (गळाचा आकडा) बांधायला मान खाली घातली की गेलंच, म्हणून सगळ्या दोऱ्या आदल्या रात्री बांधून ठेवायच्या. खायला आपली कडक भाकरी नुसती चघळावी. शेंगाचटणी किनाऱ्यावर आल्यावर.

होडी ठरवताना भावाआधी दोन गोष्टी पाहाव्यात: मेरीटाइम बोर्डाचा प्रवासी परवाना आणि माणशी एक लाइफ जॅकेट. मासेमारीची होडी स्वस्तात मिळते, पण ती माणसं न्यायला नसते.

आता दोरी. काठीची गरज नाही, हातदोरी पुरते. ०.६ ते ०.८ मिमी जाडीची तंगूस (नायलॉनची दोरी), माणशी ५० ते ६० मीटर, फळीवर गुंडाळलेली. टोकाला भिंगरी (पीळ न पडू देणारी फिरती कडी), तिच्याखाली दीड मीटरचा तुकडा. त्यावर ४०-५० सेंमी अंतराने दोन फांद्या, प्रत्येक फांदी १५-२० सेंमी. फांदी याहून लांब केली की ती मूळ दोरीला पीळ घालते. सगळ्यात खाली शिसं: एरवी ८० ते १२० ग्रॅम, ओढ असेल तर १५० ते २००. शिसं नेहमी मूळ दोरीपेक्षा बारीक तंगूसने बांधावं. तळाच्या खडपात (खडकांत) अडकलं तर तेवढाच तुकडा तुटतो, गऱ्या वाचतात. गरी राणी माशांसाठी ४ ते ६ नंबर, तांबोशी-गोबऱ्यासाठी १/० ते ३/०. साध्या नंबरात आकडा वाढला की गरी लहान होते, शून्यवाल्यात वाढला की मोठी. दुकानात इथेच घोळ होतो. गाठीला पाच-सहा वेढे देऊन थुंकीने ओली करूनच आवळावी. कोरडी तंगूस आवळताना घर्षणाने तापते आणि पुढे नेमकी तिथेच तुटते.

आमिष म्हणजे ताजी कोळंबी किंवा माकूल (स्क्विड). कोळंबी शेपटीकडून ओवावी, टोक पोटाकडून किंचित बाहेर ठेवावं. माकुलाची पट्टी एक सेंमी रुंद, पाच-सहा सेंमी लांब. ती चिवट असल्याने बारके मासे कुरतडून नेत नाहीत. सोलापूरहून गोठवलेली कोळंबी नेऊ नये. वाटेत वितळून तिचा लगदा होतो आणि गरीवर राहत नाही.

शिसं तळाला टेकलं की दोरी ढिली पडते. तिथून दोन हात वर घ्यायची आणि तर्जनीवर धरून राहायची. टुकटुक झाली की लगेच ओढू नये, ती चाचपणी असते. सलग ओढ आली की एकच झटका आणि हातावर हात टाकत वर. गोबरा असेल तर पहिले दोन-तीन मीटर विनाविलंब. तो कपारीत शिरला की कल्ले फुगवून बसतो. दोरी तळहाताला गुंडाळणं सर्वात मोठी चूक, मोठ्या माशाने बोट कापलं जातं. सुती मोजे घालावेत किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा बोटावर चढवावा. नांगरलेल्या होडीचं तोंड प्रवाहाकडे असतं, म्हणून नाळेकडच्याने (पुढच्या टोकाला बसलेल्याने) जड शिसं लावावं आणि मागच्याने हलकं, नाहीतर पुढची दोरी वाहत मागच्याच्या दोरीत अडकते. एका वेळी चारच दोऱ्या. पाचव्या मित्राला आमिष कापायला बसवावं.

शेंगाळा माशाचे तीन काटे, पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन, विषारी असतात, म्हणून पक्कडीने धरूनच गरी काढावी. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवावा, उष्णतेने विष निकामी होतं, मग दवाखाना. फुगणारा केंड कोणी कितीही आग्रह केला तरी खाऊ नये, त्याचं विष शिजवून जात नाही.

गड पाहायचा तर वेगळा वेळ ठेवावा. सिंधुदुर्गाभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे. तिथे गरी टाकू नये, प्रवाळावर नांगरही नको. १६६४ मध्ये कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेल्या या किल्ल्याच्या पायात शिसं ओतल्याचं सांगतात. तेवढं शिसं पाहिलं की आपली १०० ग्रॅमची चकती फारच बापुडी वाटते. भर समुद्रात गोड पाण्याच्या तीन विहिरी आहेत: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. दुष्काळी तालुक्यातला माणूस तिथे जरा जास्त वेळ रेंगाळतोच. डॉल्फिनमागे होडी पळवायला सांगू नये. इंजिन मंद करून थांबलं तर ते जवळपास दिसत राहतात. देवबागहून निघाला असाल तर भरती पूर्ण होण्याच्या आगेमागे आत यावं. ओहोटीचं कर्ली नदीचं पाणी बाहेर आणि समुद्राची लाट आत, दोन्ही भिडली की मुखावर लाट उभी राहते.

परतीला नऊ-दहा तास लागतात, म्हणून खरी परीक्षा बर्फाची. मासा होडीतच समुद्राचं पाणी मिसळलेल्या बर्फात टाकावा. बांगडा-सुरमई काही तास उन्हात राहिली तर त्यात हिस्टामिन तयार होतं. वास येत नाही, शिजवूनही जात नाही, आणि खाल्ल्यावर अंगावर लाल चट्टे उठतात. किनाऱ्यावर पोट आणि कल्ले साफ करून बर्फ-मासा-बर्फ असे थर लावावेत. एक किलो माशाला किमान एक किलो फोडलेला बर्फ, सोलापूरच्या वाटेला दीड ते दोन. लादी तशीच ठेवली तर माशाला सगळीकडून भिडत नाही. खोक्याचं बूच उघडं ठेवून त्याखाली परात, कारण वितळलेल्या पाण्यात भिजलेला मासा मऊ पडतो. कोल्हापूरला चहाला थांबाल तेव्हा परात रिकामी करून वर पाच किलो बर्फ घालावा. सांगोल्यानंतरचं ऊन पुढच्या दोन तासांत निम्मा तरी खातं.