घरात कोण खोकते आहे?

माझ्या धाकट्या भावाची मुलगी सव्वादोन वर्षांची असताना तिचे वजन वाढेनासे झाले, आणि हे सर्वांत आधी लक्षात आले ते आमच्या वाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेच्या. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या घरात मूल सडपातळ असण्याचे कुणाला नवल वाटत नव्हते. पाऊस लागला होता, सर्दी-ताप घरोघरी होता, आणि ती पेज खात नाही म्हणजे दाढा येत असतील, एवढ्यावर आम्ही समाधान मानत होतो. सेविकेने वजनाचा तक्ता पुढे ठेवला तेव्हा त्यातली रेघ तीन महिने आडवी जाऊन शेवटी किंचित खाली उतरलेली दिसली. तिचा पहिला प्रश्न मुलीविषयी नव्हताच. "घरात कुणाला बरेच दिवस खोकला आहे काय?" असे तिने विचारले.

खोकला माझ्या वडिलांना होता. त्यांची सारी नोकरी खाणीवर गेली, आणि २०१२ साली खाणी बंद पडल्यापासून ते घरीच असत. त्यांचा खोकला धुळीचा आहे, असे त्यांनीच ठरवले होते आणि आम्ही ते मानले होते. सिलिकाच्या धुळीने फुप्फुसे खराब झालेल्या माणसाला क्षयरोग होण्याचा धोका उलट वाढतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. नात दिवसभर त्यांच्या मांडीवर असे, आणि पावसाळ्यात सोप्याची दारे-खिडक्या लावलेली असत.

क्षयाचे जंतू ताटवाटीतून किंवा कपड्यांतून पसरत नाहीत. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो किंवा बोलतो तेव्हा ते हवेत जातात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. लहान मुलाच्या फुप्फुसात जंतूंची संख्या थोडी असते आणि त्याच्या खोकल्याला जोरही नसतो, त्यामुळे त्याच्यापासून इतरांना लागण क्वचितच होते. म्हणूनच दोन-तीन वर्षांच्या मुलाला क्षय झाला, तर त्याच्या जवळपास कुणीतरी मोठे माणूस निदानावाचून खोकत आहे, असे बहुतेक वेळा धरून चालावे लागते.

संसर्ग होणे आणि आजार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वयाचा फरक इथेच पडतो. निरोगी प्रौढ माणसाला संसर्ग झाला तर आयुष्यभरात आजार होण्याची शक्यता ५ ते १० टक्के असते. एका वर्षाखालच्या बाळाला संसर्ग होऊन उपचार मिळाले नाहीत, तर फुप्फुसाचा क्षय होण्याची शक्यता ३० ते ४० टक्के, आणि जंतू रक्तातून पसरून मेंदूच्या आवरणाला सूज येण्याची किंवा सर्वांगात क्षय पसरण्याची शक्यता १० ते २० टक्के असते. दुसऱ्या वर्षानंतर हा धोका घटत जातो, पण पाचव्या वर्षापर्यंत तो दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. आमच्या मुलीच्या दंडावर बीसीजीचा व्रण होता आणि त्याचा आम्हांला फार आधार वाटत होता. १९२१ पासून वापरात असलेली ही लस मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून चांगले संरक्षण देते, परंतु फुप्फुसाच्या क्षयाविषयी तिच्यावर तसा भरवसा ठेवता येत नाही.

याआधी एका डॉक्टरांनी तिला दोनदा प्रतिजैविके दिली होती. लक्षणे न्यूमोनियासारखीच असल्यामुळे पहिल्या वेळेचे मला काही वाटत नाही. पण ताप आणि खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेला, मूल खेळेनासे झाले आणि वजन थांबले, तेव्हा दुसऱ्या वेळी घरातल्या माणसांची चौकशी व्हायला हवी होती.

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेल्यावर खरी अडचण कळली. एवढेसे मूल बेडका बाहेर टाकत नाही, गिळते. म्हणून पहाटे, ते उपाशी असताना, नाकातून बारीक नळी घालून जठरातला द्रव काढतात. तो प्रकार पाहणे आईबापांना फार कठीण जाते, आणि माझी वहिनी तर खोलीबाहेर जाऊन उभी राहिली. जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी जी ट्रूनॅट चाचणी आज देशभर वापरतात, ती आपल्या वेर्ण्यातल्या कंपनीची आहे आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली, याचा गोमंतकीय म्हणून मला अभिमान आहे. पण आमच्या मुलीच्या नमुन्यात जंतू सापडला नाही. भाऊ आनंदाने घरी निघण्याच्या तयारीला लागला, तेव्हा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बसवून घेतले आणि समजावले की लहान मुलांच्या बाबतीत अर्ध्याहून अधिक वेळा जंतू हाती लागतच नाही, त्यामुळे जंतू न सापडणे म्हणजे आजार नसणे नव्हे. एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या मुळाशी गाठी सुजलेल्या होत्या. संसर्ग झाला आहे का हे पाहण्यासाठी हाताच्या कातडीत टोचून करतात त्या मांटू चाचणीत तिसऱ्या दिवशी हातावरचा कठीण भाग १४ मिलिमीटर भरला, आणि १० च्या पुढे तो संसर्गाचा पुरावा मानतात. त्याच आठवड्यात वडिलांच्या बेडक्यात जंतू सापडले. या सगळ्याचा मेळ घालून निदान झाले.

उपचार सहा महिन्यांचे होते. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढे चार महिने तीन, वजनाप्रमाणे मात्रा, आणि मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या. सारे सरकारकडून विनामूल्य. लघवी नारिंगी झाली म्हणून आम्ही घाबरलो, तो त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधाचा परिणाम होता. महिनाभरात ती पेज मागून घेऊ लागली.

आईचा एकच आग्रह होता, की चतुर्थी होईपर्यंत कुणाला काही सांगायचे नाही. घरी पाहुणे येतील, लोक काय म्हणतील, ही तिची भीती मला समजत होती आणि मी गप्प राहिले. पण ताईचा चार वर्षांचा मुलगा मे महिनाभर आमच्याकडे राहिला होता आणि रात्री आजोबांच्या शेजारी झोपत होता. रुग्णाच्या सहवासातल्या पाच वर्षांखालच्या मुलाला तपासून, आजार नसल्याची खात्री करून, प्रतिबंधक औषध सुरू करायचे असते, हे मला तोवर सांगण्यात आले होते. तीन आठवड्यांनी मी ताईला फोन केला. मुलाचा एक्स-रे स्वच्छ निघाला आणि त्याला सहा महिन्यांसाठी आयसोनियाझिड सुरू झाले. हे आधी का सांगितले नाही, एवढेच ताईने विचारले, आणि माझ्याजवळ त्याचे उत्तर नव्हते.